सही कुणाची, घर कुणाचे?

म्हैसूरमध्ये घराच्या जागेला कुणी प्लॉट म्हणत नाही. 'साईट' म्हणतात. वीस बाय तीस, तीस बाय चाळीस, चाळीस बाय साठ आणि नशीब जोरावर असेल तर पन्नास बाय ऐंशी. आकडे फुटांचे. साईटचा आकडा सांगितला की माणसाची ऐपत कळते, पगाराची चौकशी करावी लागत नाही. प्लेगच्या साथीनंतर, १९०३ साली या शहरात सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झाले आणि जुन्या गर्दीबाहेर आखीव वस्त्या उभ्या राहू लागल्या. तेव्हापासून 'आपली एक साईट असावी' हे तिथल्या मध्यमवर्गाचे स्वप्न आहे. पुण्या-मुंबईचा माणूस फ्लॅटचे हप्ते मोजतो. म्हैसूरचा माणूस साईट घेऊन ठेवतो आणि निवृत्तीच्या सुमारास त्यावर घर बांधायला काढतो.

मग प्रश्न येतो : घर काढायचे कुणाकडून?

राजवाड्याला ही अडचण नव्हती. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा जळाला, तेव्हा नव्यासाठी हेन्री आयर्विन यांना पाचारण करण्यात आले. काम १९१२ पर्यंत चालले. पुढे ललित महालासाठी मुंबईचे ई. डब्ल्यू. फ्रिचली आले. पण राजवाड्याच्या सावलीत राहणाऱ्या कारकुनाचे, मास्तरांचे, दुकानदाराचे घर कुणी काढले? त्याचे नाव कुठल्याही कोनशिलेवर नाही. ते मेस्त्रीने काढले. मधे चौक, चारी बाजूंनी ओसरी, वर कौले. कन्नडमध्ये त्याला 'तोट्टी मने' म्हणतात. आपल्याकडच्या चौसोपी वाड्याचेच हे धाकटे भावंड. नकाशा जमिनीवर फक्कीने आखला जाई आणि मालकीणबाई 'चूल इकडे हवी' म्हणाल्या की पुसला जाई.

मेस्त्रीची ही जागा आता वेगळ्या माणसांनी घेतली आहे. आयटीआयमधून दोन वर्षांचा सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला मुलगा, सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन दहा वर्षे एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात दुसऱ्याच्या नावाने घरे काढणारा माणूस, इंटिरियरचा कोर्स करून मुले लहान असल्याने घरूनच काम करणारी बाई. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, भिंतीला टेकवलेला मोजपट्टीचा डबा आणि दारावर छोटीशी पाटी : 'होम डिझायनर'. हे चित्र म्हैसूरचे आहे तसेच कोल्हापूरचे आणि नाशिकचेही. काम चांगले असते, गिऱ्हाईक खूश असते. तरीही या मंडळींच्या पोटात कायम एक गोळा असतो. आपण हे करतो ते कायदेशीर आहे का? उद्या कुणी येऊन 'लायसन दाखवा' म्हणाले तर?

गोळा येण्याचे कारण खरे आहे. १९७२ साली संसदेने आर्किटेक्ट्स ॲक्ट केला. स्वातंत्र्यानंतर बांधकामे वाढली. पात्रता नसलेले लोक स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून महागडी, कित्येकदा धोकादायक बांधकामे करू लागले, हे कायद्यामागचे सांगितलेले कारण. त्यातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर ही संस्था निघाली. मान्य पदवी घ्यायची, कौन्सिलकडे नाव नोंदवायचे, मग आर्किटेक्ट म्हणवायचे. या कायद्यात सुरुवातीला एक दार उघडे ठेवले होते. पदवी नाही, पण आधीची किमान पाच वर्षे ज्यांनी हा व्यवसाय केला आहे, अशा भारतीय नागरिकांनाही नोंदणीची मुभा होती. म्हणजे अनुभवाला पदवीच्या पंक्तीत बसवले होते. पण ती पंगत एकदाच बसली. ठरावीक तारखेनंतर दार बंद झाले. आज एखाद्याने तीस वर्षे घरे काढली, तरी पाच वर्षांची पदवी नसेल तर तो आर्किटेक्ट नाही.

नाही म्हणजे नाही! स्वतःला तसे म्हणवले तर कायद्याच्या मूळ तरतुदीप्रमाणे पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत दंड. पुन्हा गुन्हा सिद्ध झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. यातून सूट आहे ती 'लँडस्केप आर्किटेक्ट' आणि जहाजे काढणाऱ्या 'नेव्हल आर्किटेक्ट' यांना. म्हैसूर-बंगळूरच्या कंपन्यांत गल्लोगल्ली सापडणाऱ्या 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट'चा १९७२ साली कुणी विचार केला नव्हता. तोही केला असता तर निम्म्या कर्नाटकाला पाट्या बदलाव्या लागल्या असत्या.

मात्र कायदा 'म्हणवू नका' म्हणतो की 'करू नका' म्हणतो? या एका प्रश्नावर अनेकांचे पोट अवलंबून होते, आणि त्याचे उत्तर स्पष्टपणे मिळायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली. प्रकरण दिल्लीजवळच्या नोएडा प्राधिकरणातले. तिथल्या एका पदाच्या नावात 'आर्किटेक्ट' हा शब्द होता, पण त्या पदावर बढती मिळायला आर्किटेक्चरची पदवी आवश्यक नव्हती. कौन्सिलने हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मार्च २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कलम ३७ मध्ये बंदी आहे ती 'आर्किटेक्ट' हे नाव आणि बिरुद लावण्यावर. इमारतीची रचना करणे, देखरेख करणे, बांधणे या कामांवर नाही. नोएडाला मात्र न्यायालयाने बजावले, की पदवी नसलेल्याला आर्किटेक्ट नावाच्या पदावर बसवता येणार नाही.

न्यायालयाने यासाठी वकील आणि डॉक्टर यांच्या कायद्यांशी तुलना केली, ती समजून घेण्यासारखी आहे. वकिलाची सनद नसलेल्याला वकिली करता येत नाही; नोंदणी नसलेल्याला वैद्यकीचा धंदा करता येत नाही. तिथे कामालाच कुंपण आहे. घर बांधण्याच्या कामाला संसदेने मुद्दाम तसे कुंपण घातले नाही. कारण घर एकट्या आर्किटेक्टचे कधीच नव्हते. इंजिनीअर, नगररचनाकार, ओव्हरसीयर, मेस्त्री अशा अनेकांचे हात त्याला लागतात. ब्रिटनमध्येही १९९७ च्या कायद्याने राखून ठेवले आहे ते नावच. तेव्हा डायनिंग टेबलवर घरे काढणाऱ्या बाईने सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही. फक्त पाटीवर 'आर्किटेक्चरल कन्सल्टंट' असले मिश्रण लिहू नये. 'वास्तुविशारद' असे मराठीकरण करून पळवाटही काढू नये. 'होम डिझायनर' पुरे. 'गृहरचनाकार' तर छानच शब्द आहे.

इथपर्यंत सगळे सोपे. अडते ते पुढे, महापालिकेच्या खिडकीशी. घर काढायला परवाना लागत नसला तरी ते मंजूर करून घ्यायला लागतो. नकाशावर पालिकेने मान्य केलेल्या माणसाची सही असल्याखेरीज तो आत घेतला जात नाही. हा माणूस आर्किटेक्टच असायला हवा असे नाही. नॅशनल बिल्डिंग कोड हे देशभरासाठीचे मार्गदर्शक पुस्तक. त्यात अनुभवी डिप्लोमाधारक सुपरवायझरला दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवर दोन मजले किंवा साडेसात मीटर उंचीपर्यंत घराचे नकाशे सादर करण्याची मुभा सुचवली आहे. इंजिनीअरला पाचशे चौरस मीटरपर्यंत आणि पाच मजले किंवा सोळा मीटरपर्यंत.

आता म्हैसूरची साईट मांडून पाहा. तीस बाय चाळीस म्हणजे बाराशे चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. सुपरवायझरच्या आवाक्यात. चाळीस बाय साठ म्हणजे चोवीसशे चौरस फूट, सुमारे २२३ चौरस मीटर. वर २३ मीटर गेले की सुपरवायझर बाद, इंजिनीअर हवा. पन्नास बाय ऐंशीसुद्धा ३७१ मीटरच्या आसपास, म्हणजे इंजिनीअरच्या हद्दीतच. अर्थात प्रत्येक राज्याचे आणि पालिकेचे नियम वेगळे असतात. आधी तिथे जाऊन विचारावे. पण एवढे ध्यानात येते, की मध्यमवर्गीय घराच्या आकारात आर्किटेक्टची सही ही सक्ती नसून निवड आहे.

आणि इथेच या धंद्याचे खरे दुखणे आहे. घर एकाने काढायचे, सही दुसऱ्याने ठोकायची. सहीवाल्याने ना साईट पाहिलेली असते, ना माती. ठरलेले पैसे घेतले, शिक्का मारला, विषय संपला. घरमालकाला वाटते, शिक्का आहे म्हणजे कुणीतरी तपासले असेल. डिझायनरला वाटते, सही दुसऱ्याची आहे म्हणजे जबाबदारीही त्याची. सहीवाल्याला काहीच वाटत नाही! या तिघांच्या मधल्या फटीतून उद्या स्लॅब गळू लागला, तर पाणी कुणाच्या डोक्यावर पडते हे सांगायला नको.

परवाना नसलेला माणूस चांगले घर बांधू शकतो का, याचे उत्तर शोधायला मात्र महापालिकेच्या खिडकीवर थांबून चालत नाही. त्यासाठी एका बाईंची गोष्ट पाहावी लागते. त्यांचा संसार नाशिकमध्ये सुरू झाला.

डीलिया किन्झिंगर यांचा जन्म १९२९ चा. वडील एडमंड किन्झिंगर जर्मन चित्रकार, आई अमेरिकन. बालपण अमेरिकेत गेले. तिथे शिकायला आलेल्या रामजी नारायण कॉन्ट्रॅक्टर या गुजराती इंजिनीअरशी लग्न करून त्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आल्या, त्या थेट नाशिकच्या एकत्र कुटुंबात. पुढे मुंबईत जुहूला बिऱ्हाड झाले. जग त्यांना ओळखते ते दीदी कॉन्ट्रॅक्टर या नावाने. आडनाव कॉन्ट्रॅक्टर, पण त्या कंत्राटदार नव्हत्या. आणि आर्किटेक्टही नव्हत्या. शिक्षण चित्रकलेचे.

सत्तरच्या दशकात त्या हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात जाऊन राहिल्या. घरे बांधण्याला खरी सुरुवात झाली, ती साठीच्या आसपास. ज्या वयात आपल्याकडे 'आता नातवंडे सांभाळा' म्हणतात, त्या वयात या बाईंनी चिखल, बांबू, नदीतले गोटे आणि स्लेटच्या पाट्या हाताशी धरल्या. धर्मशाळेजवळच्या सिद्धबाडीत स्वतःचे घर बांधले. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांची, ओळखीपाळखीच्यांची. तिथलेच 'निष्ठा' संस्थेचे आरोग्य केंद्र, कंडबाडीची 'संभावना' संस्था, बीरचे 'धर्मालय' ही त्यांची गाजलेली कामे. नकाशे हाताने काढायचे. स्थानिक मिस्त्री आणि मजूर हेच सहकारी. कच्च्या विटांच्या जाड भिंती, भिंतीतच घडवलेले कोनाडे आणि बैठका, वरून उतरणारा उजेड. घर पाडले तर ते पुन्हा मातीत मिसळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. सिमेंटचा एकेक खोका उभा राहून खोऱ्याचा चेहरा पुसला जात असताना त्या हे करत होत्या.

गंमत अशी, की आर्किटेक्चर कॉलेजातली मुले-मुली त्यांच्याकडे शिकायला येऊन राहत. पदवी घेणारे, पदवी नसलेल्या बाईंकडे! वर्तमानपत्रांनी त्यांना सर्रास 'स्वयंशिक्षित आर्किटेक्ट' म्हटले. कलम ३७ ची आठवण कुणाला झाली नाही. २०१९ च्या महिलादिनी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्या गेल्या.

आपल्याकडेही असे दाखले आहेत. सेवाग्रामची बापू कुटी पाहायला आजही लोक जातात. ती मूळची मीराबेन यांची कुटी. ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या या मुलीने कुठल्या आर्किटेक्चर कॉलेजात पाऊल टाकले नव्हते. सूर्य कुठून येतो, वारा कुठून येतो, हाताशी काय आहे, एवढे पाहून तिने घर आखले.

हे वाचून कुणाला वाटेल, मग पदवी हवी कशाला? जुन्या माणसांना काय कमी कळत होते? असे वाटणाऱ्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे झोपेत गेली. ती प्रामुख्याने भूकंपाने मेली नाहीत, घरांनी मारली. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, वर उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून मातीचे जड माळवद. भिंतीच्या दोन अंगांना जोडणारे आरपार लांब दगड नसल्याने भिंती उकलल्या आणि माळवद खाली आले. ही घरे बांधणाऱ्या गवंड्यांना दगड कळत होता, ऊन कळत होते, पाऊस कळत होता. त्यांच्या हयातीत न आलेली गोष्ट तेवढी कळत नव्हती. आणि तो पट्टा तोवर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या भागात गणला जात होता. 'आमच्याकडे भूकंप होत नाही' हे वाक्य म्हैसूरमध्येही ऐकू येते.

म्हणजे घर काढणे या एका शब्दात दोन वेगळी कामे लपलेली असतात. स्वयंपाकघरात उजेड कुठून यावा, आजोबांची खोली संडासाच्या किती जवळ हवी, पाहुणे आले तर मुलीचा अभ्यास कुठे व्हावा, हे एक काम. त्याला डोळा लागतो, माणसे कळावी लागतात. पदवीने ते येतेच असे नाही. दुसरे काम कॉलम किती, सळई किती जाडीची, पाया किती खोल आणि खालची माती काळी असेल तर काय करायचे हे ठरवण्याचे. तिथे डोळ्याचा उपयोग नाही, गणित लागते. आरसीसीचे गणित इंजिनीअरचे आहे. पदवीधर आर्किटेक्टसुद्धा ते स्वतः करत नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घेतो. चांगला होम डिझायनर ओळखण्याची खूण यात आहे. 'आरसीसीचे मी बघतो, अंदाज आहे मला' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावे. 'हे माझे काम नाही, यांच्याकडे चला' म्हणणाऱ्याला धरून ठेवावे.

तक्रारीची बाजूही पाहायला हवी. नोंदणी असलेल्या आर्किटेक्टने गैरवर्तन केले तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. त्याची नोंदणी जाऊ शकते. होम डिझायनरची कुठेच नोंद नाही, तर ती जाणार कुठली? हा फरक मोठा आहे आणि घरमालकाने तो आधीच ओळखावा. त्याच्या हाती उरतो ग्राहक कायदा. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच स्पष्ट केले. पैसे घेऊन सेवा दिली की जबाबदारी आली, परवाना असो वा नसो. पण ग्राहक आयोगापुढे दाखवायला कागद लागतो. आपल्याकडे घराचे बोलणे चहाच्या टेबलवर होते आणि पैसे पाकिटातून दिले जातात. काय काय ड्रॉइंग मिळणार, साईटवर किती फेऱ्या होणार, बदलाचे पैसे किती, आरसीसी कुणाचे आणि सही कुणाची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही केली तर पाहुण्यांमध्येही वाईटपणा येत नाही. डिझायनरलाही याचा फायदाच. 'जिना हलवा' असे नवव्यांदा सांगणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हा कागदच उपयोगी पडतो.

जाता जाता एक. घराच्या कामात एक माणूस असा असतो, की त्याला पदवी लागत नाही, परवाना लागत नाही, पालिकेची सही लागत नाही आणि चुकला तर कुणी कोर्टात खेचत नाही. तो म्हणजे वास्तुशास्त्रवाला! डिप्लोमा केलेल्या मुलीला 'तुमचं लायसन आहे का' असे विचारणारे सद्गृहस्थ त्याच्या सांगण्यावरून तयार जिना पाडतात.

नकाशाच्या कागदावर उजवीकडे खाली एक चौकोन असतो. नावे तिथे लिहायची. बहुतेक घरांच्या नकाशांवर तिथे एकच शिक्का दिसतो, आणि तो ज्याचा असतो त्याने घर काढलेले नसते. खरे तर तिथे रचना कुणाची, आरसीसी कुणाचे आणि मंजुरीसाठी सही कुणाची, अशा तीन ओळी मावतात. जागा भरपूर असते. होम डिझायनरने पहिल्या ओळीत आपले नाव लिहायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त नावापुढे तो एक शब्द नको. आणि चौथी सही असते घरमालकाची. ती बहुधा शेवटच्या दिवशी, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून, घाईघाईत केली जाते.